केएफ तिराना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा माद्रिद, बार्सिलोना, मँचेस्टर एवढ्यावर थांबतात. माझा जीव मात्र अल्बानियाच्या राजधानीतल्या एका क्लबात अडकला आहे. त्याच्याबद्दल ओळखीचे लोक जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, पण तिथे गोष्टच तेवढी मोठी आहे.

हा क्लब कोणता आणि किती जुना?

केएफ म्हणजे ‘क्लुबी इ फुत्बोलित’, सरळ मराठीत फुटबॉल क्लब. तिराना हे अल्बानियाच्या राजधानीचं नाव. स्थापना १५ ऑगस्ट १९२० ची, त्यामुळे आपल्याला तारीख लक्षात ठेवायला सोपी.

या सालाला महत्त्व आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लुश्न्या गावी भरलेल्या परिषदेनंतर तिरानाला देशाची राजधानी करण्यात आलं. तोवर ते मशिदी, बाजार आणि भोवती शेती असलेलं लहानसं गाव होतं. म्हणजे शहर राजधानी म्हणून उभं राहायला लागलं आणि क्लबही त्याच वर्षी जन्माला आला. दोघं एकाच घरात वाढलेल्या भावंडांसारखी आहेत. पुढे जे काही या शहरावर ओढवलं, ते सगळं क्लबच्या वाट्यालाही आलं.

सुरुवातीला नाव वेगळं होतं का?

हो. पहिलं नाव ‘अगिमी’, म्हणजे पहाट. ऑटोमन साम्राज्याच्या सावलीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

स्थापनेत पुढाकार होता पालोक निका यांचा. ते मूळचे उत्तरेकडच्या श्कोदरचे. अल्बानियात फुटबॉल आधी तिथे आला, १९०८ च्या सुमारास, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळेतून. निकांनी श्कोदरमध्ये १९१२ साली ‘इंदिपेंदेन्त्सा’ म्हणजे स्वातंत्र्य नावाचा संघ काढला होता. तेच बीज त्यांनी आठ वर्षांनी राजधानीत आणून लावलं. श्कोदर आणि तिराना यांच्यात पुढे जी चुरस झाली ती पाहताना मला नेहमी वाटतं की या दोन शहरांचा खेळ एकाच माणसाच्या हातून रुजलेला आहे.

पहिलं विजेतेपद न खेळताच मिळालं, हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. अल्बानियाचा फुटबॉल महासंघ ६ जून १९३० ला स्थापन झाला आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धाही त्याच वर्षीची. साखळीतले सामने तिराना व्यवस्थित खेळला होता. अंतिम फेरीत गाठ होती कोर्चा शहराच्या स्कंदरबेऊ संघाशी. तो संघ अंतिम फेरीसाठी मैदानात आलाच नाही, त्यामुळे विजेतेपद तिरानाकडे गेलं.

यावरून कुणी कमीपणा दाखवला तर पुढचा हिशेब सांगावा. १९३० ते १९३७ या काळात सात राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. त्यातल्या सहा तिरानाने जिंकल्या. उरलेली एक, १९३३ ची, स्कंदरबेऊने.

मग नाव इतक्या वेळा का बदललं?

या प्रश्नाला नीट वेळ द्यायला हवा, कारण माझ्या मते या क्लबची खरी कहाणी इथेच आहे.

१९२७ मध्ये ‘अगिमी’चं ‘स्पोर्टक्लब तिराना’ झालं. हे नाव शहराने स्वतः घेतलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एन्व्हर होज्जांची कम्युनिस्ट राजवट आली आणि क्लबांची नावं वरून ठरायला लागली. तिरानाला नाव मिळालं ‘१७ नंतोरी’, म्हणजे १७ नोव्हेंबर. १९४४ साली त्या दिवशी शहर जर्मनांच्या ताब्यातून सुटलं होतं. दिवस अभिमानाचाच, पण नावातून शहर गेलं. पन्नाशीच्या दशकात सोव्हिएत धर्तीवर आणखी एक फेरफार झाला आणि क्लब ‘पुना तिराना’ झाला. आपल्या पुण्याशी याचा संबंध नाही, ‘पुना’ म्हणजे अल्बानियन भाषेत काम, श्रम. कामगार संघटनांच्या छत्राखाली आणलेल्या अनेक संघांना तेव्हा हेच नाव चिकटवलं होतं, श्कोदरच्या व्लाझनियालासुद्धा. १९५८ मध्ये पुन्हा ‘१७ नंतोरी’ आलं ते थेट १९९१ पर्यंत टिकलं. राजवट कोसळताना क्लबने आपलं शहराचं नाव परत घेतलं.

जवळजवळ पंचेचाळीस वर्षं या लोकांनी आपल्या संघाला पाटीवरच्या नावाने हाक मारली नाही. तोंडात नाव एकच होतं: तिरोना.

तिराना की तिरोना? छापताना चूक होते का?

चूक नाही. ‘तिरोना’ हा शहराच्या मूळ रहिवाशांचा उच्चार.

अल्बानियन भाषेच्या दोन मोठ्या बोली आहेत: उत्तरेची गेग आणि दक्षिणेची तोस्क. तिराना गेगच्या पट्ट्यात येतं. १९७२ मध्ये भाषेचं प्रमाण रूप ठरलं ते मुख्यतः तोस्कवर बेतलेलं, आणि होज्जा स्वतः दक्षिणेचे होते. म्हणजे राजधानी तिरानात, पण पुस्तकातली भाषा तिरानाची नव्हे. घरात एक बोलायचं आणि शाळेत दुसरं लिहायचं, ही ओढाताण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ज्याला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलताना शाळेत टोकलं गेलं आहे, त्याला स्टेडियमभर ‘तिरोना!’ असा एकच गजर ऐकल्यावर आत काय हलतं ते बरोबर कळेल. २००६ पासून संघाच्या मागे उभ्या असलेल्या समर्थकांच्या गटाचं नावही ‘तिरोना फॅनॅटिक्स’ आहे. प्रमाण भाषेतलं ‘तिराना’ त्यांनी घेतलं नाही.

‘बार्धेब्लुत’ म्हणजे काय?

‘बार्ध’ म्हणजे पांढरा, ‘ब्लु’ म्हणजे निळा. पांढरेनिळे. हे संघाचं लाडकं नाव आणि जर्सीचा रंग.

१९३७ नंतर इतकी वर्षं विजेतेपद का नाही?

१९३७ नंतरचं विजेतेपद आलं ते थेट १९६५ मध्ये. अठ्ठावीस वर्षं. मधे महायुद्ध आणि इटलीचा कब्जा होताच, पण मोठं कारण वेगळं.

नव्या राजवटीने राजधानीत दोन नवे क्लब उभे केले. १९४६ मध्ये सैन्याचा पार्तिझानी आणि १९५० मध्ये गृहमंत्रालयाचा दिनामो. सैन्य आणि पोलीस या दोघांच्या हातात माणसं हलवण्याची ताकद होती. चांगला पोरगा कुठेही चमकला की लष्करी सेवेच्या निमित्ताने किंवा तशाच काही वाटेने तो या दोघांपैकी एकाकडे जायचा. पानायोत पानो हे त्यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण. अल्बानियाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो १९५८ मध्ये ‘१७ नंतोरी’कडून खेळायला लागला आणि १९६० मध्ये पार्तिझानीत गेला. पुढची सगळी कारकीर्द तिथेच.

शहराचा क्लब मात्र शहराच्या पोरांवरच चालत राहिला. म्हणून प्रशिक्षक मिस्लिम अल्ला यांच्या हाताखाली १९६५ मध्ये जेव्हा विजेतेपद आलं, आणि मग १९६६, १९६८, १९७० मध्येही आलं, तेव्हाचा आनंद साध्या करंडकाचा नव्हता. सैन्य आणि पोलीस दोघांच्या नाकावर टिच्चून मिळवलेलं ते यश होतं.

या मालिकेत १९६७ का नाही?

त्या मोसमात संघ जोरात होता. पार्तिझानीविरुद्धच्या सामन्यात हाणामारी झाली, दोन्ही संघांना शिक्षा झाली आणि विजेतेपद दिनामोकडे गेलं. जुने तिरानाकर ही जखम अजून विसरलेले नाहीत. मलाही हे विजेतेपद हिरावून घेतलेलंच वाटतं.

युरोपीय स्पर्धांमध्ये काही उल्लेखनीय?

भरपूर, आणि त्यात हार-जितीपेक्षा मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली वारी १९६५ ची. स्कॉटलंडचा विजेता किल्मारनॉक तिरानात ०-० ने अडला. परतीच्या सामन्यात १-० ने हार. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या वॉलरेंगाविरुद्ध खेळायचं होतं, पण संघ स्पर्धेतूनच मागे घेण्यात आला.

सप्टेंबर १९७० मध्ये ॲम्स्टरडॅमचा अॅजॅक्स तिरानात आला. हा साधासुधा संघ नव्हे. त्याच मोसमात वेम्बलीवर अंतिम सामना जिंकून तो युरोपचा विजेता झाला. तिरानात मात्र त्याला २-२ वर समाधान मानावं लागलं. परतीच्या सामन्यात ०-२ ने हार झाली, तरी युरोपच्या होणाऱ्या विजेत्याला घरच्या मैदानावर रोखल्याचं समाधान कुणी काढून घेऊ शकत नाही.

सगळ्यांत जास्त मला लागतं ते १९८२. पहिल्या फेरीत समोर उत्तर आयर्लंडचा लिनफिल्ड. घरी १-० ने जिंकले, बेलफास्टमध्ये १-२ ने हरले. एकूण २-२, आणि परक्या मैदानावर केलेल्या त्या एका गोलाच्या जोरावर ‘१७ नंतोरी’ पुढच्या फेरीत. खेळाडूंनी काय साधलं होतं याचा विचार करा: बाहेरच्या जगाला दारं बंद केलेल्या देशातून निघून, परक्या गावात गोल करून, ते पुढे गेले होते. मग सोडत निघाली. नाव आलं सोव्हिएत संघातल्या दिनामो कीव्हचं. होज्जांच्या सरकारने मॉस्कोशी १९६१ मध्येच संबंध तोडले होते. संघ स्पर्धेतून मागे घेतला गेला आणि कीव्ह न खेळता पुढे गेला. त्या अकरा जणांना मैदानावर हरण्याची संधीसुद्धा मिळाली नाही.

चार वर्षांनी थोडी भरपाई झाली. १९८६ च्या कप विनर्स कपमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या कपविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत, समोर रोमानियाचा दिनामो बुखारेस्ट. घरी १-०, बुखारेस्टमध्ये २-१, दोन्ही सामने जिंकून संघ पुढे गेला. मग स्वीडनच्या माल्मोने वाट अडवली. १९८९ मध्ये माल्टाच्या स्लिएमा वाँडरर्सकडून पहिला सामना ०-१ ने हरून परतीला ५-० असा धुव्वा उडवला, आणि पुढे बायर्न म्युनिककडून १-३, ०-३ अशी हार झाली.

क्लबचे मोठे खेळाडू कोण?

ऐंशीच्या दशकाची पिढी तोंडपाठ असलीच पाहिजे: अर्बेन मिंगा, अगुस्तिन कोला, मिरेल योसा, श्केल्चिम मुचा, सुलेयमान मेमा. १९८२, १९८५, १९८८ आणि १९८९ ची विजेतेपदं या पिढीच्या काळातली.

२२ डिसेंबर १९८४ ला तिरानात अल्बानियाने बेल्जियमला २-० ने हरवलं. हा तोच बेल्जियम, जो दोन वर्षांनी मेक्सिकोत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत खेळला. दोन गोल कुणाचे? योसा आणि मिंगा. दोघेही ‘१७ नंतोरी’चे. मिंगा २००७ मध्ये कर्करोगाने गेले, पन्नाशीही गाठली नव्हती.

त्याआधीच्या काळातलं एक नाव घ्यायलाच हवं: सेल्मान स्तर्मासी. खेळाडू, मग प्रशिक्षक, मग अध्यक्ष, अशी आयुष्यभराची नाळ. क्लब ज्या मैदानावर खेळत आला आहे त्याला आज त्यांचं नाव आहे.

एकूण किती विजेतेपदं?

२६ राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं २०२१-२२ चं, प्रशिक्षक ओर्गेस शेही यांच्या काळातलं. अल्बानियात दुसरा कुठलाही क्लब अजून २० पर्यंतही पोहोचलेला नाही. शिवाय अल्बानियन कप १६ वेळा.

कट्टर प्रतिस्पर्धी कोण?

शहरात पार्तिझानी. वर सांगितलेला इतिहास वाचल्यावर कारण विचारायची गरज उरणार नाही. दिनामोशी वैर आहेच, पण पार्तिझानीच्या सामन्याला घराघरांत दोन गट पडतात, भाऊ एकीकडे आणि मेव्हणा दुसरीकडे.

शहराबाहेर श्कोदरचा व्लाझनिया. तो क्लब १९१९ चा, म्हणजे तिरानापेक्षा वर्षभराने मोठा. हा सामना राजधानीचा आणि उत्तरेच्या जुन्या सांस्कृतिक राजधानीचा. त्यात द्वेषापेक्षा मान जास्त, असं मला वाटतं.

क्लब कधी खालच्या श्रेणीत गेला होता का?

एकदाच, २०१७ मध्ये. स्थापनेपासून पहिल्यांदा. गंमत नव्हे, पण त्याच मोसमात संघाने स्कंदरबेऊला ३-१ ने हरवून अल्बानियन कपही जिंकला होता. त्यामुळे देशात दुसऱ्या श्रेणीत असलेला संघ युरोपा लीगच्या पात्रता फेरीत मक्काबी तेल अवीवविरुद्ध उतरला आणि हरला. त्याच अवस्थेत सुपर कपमध्ये, म्हणजे लीगविजेता आणि कपविजेता यांच्यातल्या सामन्यात, मात्र कुकसीला १-० ने हरवलं. वर्षभरातच, २०१८ मध्ये, संघ वर परतला.

शंभरावं वर्ष कसं गेलं?

या प्रश्नावर मी थोडा भावुक होतो.

डिसेंबर २०१९ मध्ये संघ गुणतक्त्याच्या मध्यावर रुतला होता. प्रशिक्षकपद दिलं गेलं एन्दुबुइसी एग्बो यांना. नायजेरियाकडून खेळलेले गोलरक्षक, दोन हजारच्या सुरुवातीच्या वर्षांत याच क्लबच्या गोलपोस्टसमोर उभे राहिलेले, नंतर इथेच गोलरक्षकांना शिकवणारे. परका माणूस नव्हता, घरचाच होता. त्यांनी संघ उचलला. मार्चमध्ये कोरोनामुळे लीग थांबली, जूनमध्ये पुन्हा सुरू झाली आणि जुलैत तिराना विजेता ठरला: २५ वं विजेतेपद, अकरा वर्षांनी, आणि शताब्दीला काही आठवडे बाकी असताना. युरोपातल्या देशाची सर्वोच्च लीग जिंकून देणारे एग्बो हे पहिले आफ्रिकी प्रशिक्षक. या गोष्टीची जगात जेवढी दखल घेतली गेली, त्याच्या दहापट घ्यायला हवी होती.

ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगची पात्रता. त्या वर्षी एकच सामना, प्रेक्षकांविना. तिब्लिसीत जाऊन दिनामो तिब्लिसीला २-० ने हरवलं. पुढच्या फेरीत तिरानात रेड स्टार बेलग्रेड. सर्बियाचा क्लब आणि अल्बानियाची राजधानी. एरवी या दोन देशांमधला सामना म्हटला की पोलिसांचाच बंदोबस्त जास्त असतो. २०१४ मध्ये बेलग्रेडमध्ये राष्ट्रीय संघांचा सामना अर्ध्यात थांबवावा लागला होता. या वेळी मात्र खुर्च्या रिकाम्या. मी तो सामना इथे रात्री उशिरा पडद्यावर पाहिला. चेंडूला बसणारी लाथ ऐकू येत होती, बाकावरून ओरडणाऱ्या प्रशिक्षकांचे आवाज ऐकू येत होते, आणि ज्या एका शब्दाची वाट पाहत बसलो होतो तो म्हणायला तिथे कुणीच नव्हतं. ०-१ ने हरलो. एग्बोंचं पद त्याच नोव्हेंबरात गेलं. मला ते आजही पटलेलं नाही.

तिरानाला गेलो तर काय पाहावं?

उतरताच आपलं नाव भेटेल: विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. कोलकात्यात आयुष्य वेचलेल्या मदर वंशाने अल्बानियन.

मग सेल्मान स्तर्मासी स्टेडियम. १९५६ मध्ये ते दिनामोचं मैदान म्हणून उभं राहिलं, राजवट गेल्यावर नाव बदललं. साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढंच, म्हणून खेळाडू अगदी जवळ दिसतात. थोड्या अंतरावर नवं राष्ट्रीय स्टेडियम आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं. त्याच जागी पूर्वी १९४६ पासूनचं चेमाल स्ताफा स्टेडियम होतं. अॅजॅक्सला रोखणारी आणि बेल्जियमला हरवणारी तिरानाची मोठी युरोपीय संध्याकाळ म्हटली की जुनी माणसं त्याच मैदानाकडे बोट दाखवतात.

सामन्याला जाताना दारात सूर्यफुलाच्या बिया घ्या. त्यांना तिथे ‘फारा’ म्हणतात आणि आपल्याकडच्या खाऱ्या दाण्यांसारख्या कागदात बांधून देतात. दातात धरून फोडायच्या, टरफल पायाशी टाकायचं आणि नजर मैदानावरच ठेवायची. पहिल्या दहा मिनिटांत ते जमत नाही. शेजारी एखादे आजोबा बसले असतील तर ते न बोलता करून दाखवतात. त्यांना ‘१७ नंतोरी’ म्हटलं तर ते मान हलवतील. ‘तिरोना’ म्हणून पाहा, मग पुढचा सगळा सामना ते तुमच्याशी बोलत बसतील.